जनरल विल्यम स्लिम यांच्या कारकिर्दीतून नेतृत्वाबद्दल काय शिकण्यासारखं आहे?

चाळीस माणसांचा विभाग नुकताच तुमच्या हाती आलाय आणि रोजच्या कामात उपयोगी पडेल असा एखादा सेनापती सुचवा, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम. १९४२ मध्ये जपान्यांपुढे ब्रह्मदेशातून सुमारे नऊशे मैल माघार घेत आलेल्या फौजेचे ते कोअर कमांडर होते, आणि १९४५ मध्ये ब्रह्मदेश परत जिंकणाऱ्या चौदाव्या सेनेचे प्रमुखही तेच.

त्यांचा अभ्यास लढायांपासून नको, मलेरियापासून सुरू करा. १९४३ च्या ऑक्टोबरात त्यांनी सूत्रं हाती घेतली तेव्हा एक जवान जखमी होऊन मागे जायचा, तर १२० जण आजारी पडून मागे जायचे. एकट्या मलेरियाचं वार्षिक प्रमाण सेनेच्या एकूण संख्येच्या ८४ टक्के होतं. जपान्यांनी एकही गोळी झाडली नसती तरी ही सेना काही महिन्यांत विरघळून गेली असती.

स्लिम यांनी आधी उपचारांची जागा बदलली. तोवर मलेरियाचा रुग्ण शेकडो मैल लांब भारतातल्या इस्पितळात पाठवला जायचा आणि पलटणीला सरासरी पाच महिने दिसायचा नाही. आता आघाडीच्या मागे काही मैलांवर तंबूंची उपचार केंद्रं उभी राहिली. आजारी पडल्यापासून चोवीस तासांत औषध सुरू, आणि तीन आठवड्यांत माणूस परत आपल्या कंपनीत.

पण खरा कस पुढेच लागला. मलेरिया टाळणारी मेपाक्रीनची गोळी रोज घ्यायची, सूर्य मावळण्याआधी लांब बाह्या आणि लांब पँट घालायची, अंधार पडल्यावर उघड्यावर आंघोळ करायची नाही, हे हुकूम सगळ्यांना पाठ होते. तरी जवान गोळी टाळत. गोळीनं कातडी पिवळी पडायची, त्यात पुरुषत्व जातं अशी अफवा उठलेली. इथे बहुतेक वरिष्ठ आणखी एक परिपत्रक काढतात. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. न कळवता एखाद्या तुकडीत जायचं आणि प्रत्येक जवानाच्या रक्तात औषध आहे का ते बघायचं. ९५ टक्क्यांपेक्षा कमी जणांच्या रक्तात सापडलं, तर त्या तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरलाच पदावरून काढायचं. शिक्षा जवानाला नाही, डॉक्टरलाही नाही. तिघांना काढावं लागलं, चौथ्याची वेळ आली नाही. १९४३ मध्ये दर हजारी रोज १२ जण आजारी पडून दाखल होत होते. १९४५ मध्ये हा आकडा एकावर आला.

तुमच्या विभागात हे करायचं तर क्रम असाच ठेवा. सगळ्यात जास्त मनुष्यबळ कशात वाया जातंय ते मोजा, मग एकच मोजमाप धरा, ते तपासायला स्वतः आणि न सांगता जा, आणि जबाबदारी त्या गटाच्या प्रमुखावर टाका. यातली एक पायरी गाळली की बाकीच्यांचा काही उपयोग राहत नाही. विशेषतः तपासणीची तारीख आधी फुटली, तर तुम्हाला काम दिसणार नाही, तयारी दिसेल.

त्यांची दुसरी सवयही घ्या. पुढच्या तुकड्यांवर अर्ध्या शिध्याची पाळी आली की ते आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या शिध्यावर ठेवत. त्यानं धान्याची बचत नगण्यच व्हायची. पण रसदीच्या कागदांवर सह्या करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले की पुढचा शिधा पूर्ववत करायची घाई त्याला आपोआप व्हायची.

साधनं मिळत नाहीत ही तक्रार तुमच्याही कानावर येईलच. चौदावी सेना रसदीच्या रांगेत सर्वांत शेवटी उभी होती. हवाई रसद टाकायला पॅराशूट हवेत, आणि रेशीम मिळण्याची आशा नाही. त्यांच्या लोकांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना गाठलं. पहिले काही नमुने दगडासारखे खाली आले, तरी महिनाभरात तागाचं पॅराशूट नेहमीच्या पॅराशूटच्या ८५ टक्के कामाचं झालं. किंमत एक पौंडाच्या थोडी वर. नेहमीचं वीस पौंडांच्या पुढे. माणसांना त्यावरून उतरवलं नाही, फक्त सामान. ही मर्यादा त्यांनी पाळली, हे मला तितकंच मोलाचं वाटतं.

हरलेल्या माणसांचा धीर भाषणांनी परत येत नाही. स्लिम यांनी आधी छोट्या गस्ती पाठवल्या, त्या जिंकून आल्या की ती बातमी पसरू दिली. मग जपानी कंपनीच्या ठाण्यावर अख्खी ब्रिगेड, प्लॅटूनवर अख्खी बटालियन, सोबत तोफा आणि विमानं. एवढ्याशा ठाण्यासाठी एवढी फौज कशाला, अशी टीका झाली. पण त्या टप्प्यावर ठाणं दुय्यम होतं, जिंकण्याची सवय लावायची होती.

आता त्यांची चूक. १९४४ च्या वसंतात जपानी चढाई येणार हे त्यांनी ओळखलं होतं, पण ईशान्य भारतातल्या कोहिमावर जास्तीत जास्त एक रेजिमेंट, म्हणजे डिव्हिजनचा एक हिस्सा, येईल असा त्यांचा हिशेब होता. आली अख्खी ३१ वी डिव्हिजन, आणि कोहिमात होते जेमतेम दीड हजार लढवय्ये. त्याआधी २२ ते २६ मार्च सांगशाक इथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडनं, आणि तिच्यासोबत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियननं, पिण्याच्या पाण्याची मारामार असताना जपान्यांना रोखून धरलं. त्या दिवसांत इंफाळ आणि कोहिमाकडे कुमक हलवायला उसंत मिळाली. आपला अंदाज चुकला आणि खालच्या तुकड्यांच्या चिवटपणानं तो सावरला, हे स्लिम यांनी युद्धानंतर स्वतःच्या नावानं लिहून ठेवलं.