स्पोर्ट्स कारचं इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: टर्बो पेट्रोल इंजिनाची दोन सीटची गाडी वापरलेली घेतली आहे, वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर होतात, आणि त्यातले दोन-तीन दिवस ट्रॅकवर जातात. कंपनीच्या पुस्तिकेत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलंय. एक मित्र दर ५,०००ला बदलायला सांगतो, तर दुसरा म्हणतो फुल्ली सिंथेटिक आहे, दोन वर्षं बघायला नको.

तुमच्या वापराला मी असं सांगेन: मीटरवर आकडा काहीही असो, वर्षातून एकदा ऑइल बदलाच. वर्ष संपायच्या आत ट्रॅकचे दोन दिवस झाले, तर तेव्हाच बदला. मग एक-दोनदा जुन्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या आणि तिच्यावरून हे अंतर वाढवायचं की कमी करायचं ते ठरवा.

पुस्तिकेतल्या "किंवा एक वर्ष" या शब्दांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. फेरारीसुद्धा २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असंच सांगते. कमी चालणाऱ्या गाडीला किलोमीटरचा आकडा कधी लागूच होत नाही, तिच्यासाठी वर्षाचीच अट खरी.

मी स्वतः हे चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझीही गाडी टर्बो, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी. पहिल्या वेळी मी फक्त किलोमीटर मोजले. चौदा महिन्यांत २,८०० किलोमीटर झाले होते, त्यातले बरेचसे दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांचे. डिपस्टिकवर पातळी तसूभरही उतरली नव्हती, उलट किंचित वर दिसत होती, आणि मला वाटलं इंजिन अगदी घट्ट आहे, ऑइल खातच नाही. मग एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास. नमुना तपासायला दिला. ग्रेड म्हणजे ऑइलच्या दाटपणाचा डब्यावरचा आकडा. ४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला किमान १२.५ सेंटिस्टोक असावा लागतो. माझा ११ च्या खाली आला होता, म्हणजे डब्यावर ४० लिहिलेलं ऑइल इंजिनात ३० ग्रेडचं होऊन फिरत होतं. ते तसंच ठेवून मी ट्रॅकवर जाणार होतो.

हे होतं कसं? थंड इंजिनाला चालायला जास्तीचं पेट्रोल लागतं. ते सिलिंडरच्या थंड भिंतीवर बसतं आणि पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या, ऑइलमध्ये उतरतं. पाण्याचंही तेच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं रिंगांवाटे चेंबरमध्ये शिरतं आणि इंजिन थंड असेल तर तिथेच पाणी होऊन साचतं. ऑइल नीट तापून अर्धा-पाऊण तास चाललं तर पाणी आणि पेट्रोलचा हलका भाग उडून जातो. छोट्या फेरीत ते तापतच नाही. काटा वर आला म्हणजे इंजिन गरम झालं असं आपण धरतो, पण तो काटा कूलंटचा असतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं.

म्हणूनच "सिंथेटिक आहे, दोन वर्षं चालेल" हे मला पटत नाही. सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसतं, हे खरं. पण पेट्रोलने तेही तितकंच पातळ होतं.

ट्रॅकवर नेमकं उलट घडतं. तिथे ऑइल १२० ते १३० अंशांवर सहज जातं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑइलचं ऑक्सिडेशन अंदाजे दुपटीने वाढतं, असा एक ढोबळ हिशेब आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला हेच ऑइल थंड ठेवतं. शिवाय ऑइल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात घातलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या जास्त आरपीएमला गिअर आणि बेअरिंगांच्या मध्ये सापडून तुटतात. ट्रॅकचे वीस-तीस मिनिटांचे चार फेरे म्हणजे किलोमीटर शे-दोनशेच, पण ऑइलच्या आयुष्यातून त्याच्या कितीतरी पट जातं.

५,००० किलोमीटरचा नियम मिनरल ऑइल आणि कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. रोज लांब, एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीत तेवढ्यावर चांगलं ऑइल ओतून देणं मला वाया घालवणं वाटतं. तुमच्यासारख्या वापराला मात्र तो मित्र चुकीचं सांगत नाहीये. डॅशबोर्डवर ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसत असेल तर त्याकडे लक्ष द्या, पण तो अंदाज आहे हे धरून चाला. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधली ही व्यवस्था इंजिनाचे फेरे आणि ऑइलचं तापमान यांवरून हिशेब करते, ऑइल प्रत्यक्ष तपासत नाही. आणि ऑइल काळं झालं म्हणून खराब झालं असं समजू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

ऑइल कोणतं, याबद्दल एवढंच: ग्रेडबरोबर कंपनीची मान्यता बघा. पोर्शचं ए४०, बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०१, अशी नावं डब्यामागे छापलेली असतात. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या एम इंजिनांना १०डब्ल्यू-६० लागतं, म्हणून प्रत्येक वेगवान गाडीत ६० ग्रेड ओतणारे लोक मी पाहिलेत. ३० ग्रेडसाठी बनवलेल्या इंजिनावर तो अन्याय आहे.

तपासणीसाठी नमुना गरम ऑइल काढताना, धार मध्यावर आली की घ्या. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो. रिपोर्टमध्ये १०० अंशांवरचा दाटपणा, पेट्रोलचं प्रमाण, आम्ल मारायची उरलेली ताकद म्हणजे बेस नंबर, आणि धातू बघायचे. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंगकडे बोट जातं. सिलिकॉन वाढला तर बहुतेकदा एअर फिल्टरमधून धूळ जातेय. एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका, दोन-तीन ओळीने लावून बघा.

आणि पातळी! ट्रॅकवर जाणाऱ्याने ऑइलच्या वयाआधी पातळीची काळजी करावी, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. लांब वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला लोटलं जातं. अर्धा लिटर कमी असेल तर पंप क्षणभर हवा ओढतो, आणि बेअरिंग जळायला तेवढा क्षण पुरतो. जास्त भरणंही वाईट, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, ते घुसळून फेस करतो. ड्राय सम्पची, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी, गाडी असेल तर पातळी बहुधा इंजिन गरम आणि चालू असताना बघायची असते, त्यामुळे पद्धत पुस्तिकेतूनच घ्या.

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर ऑइल उभी करण्याआधी बदला, म्हणजे जुन्यातलं आम्ल आणि पाणी बेअरिंगांवर बसून राहणार नाही. मधेमधे पाच मिनिटं चालू करून बंद करू नका, त्याने पाणी वाढतंच.

तुमची गाडी वापरलेली आहे, त्यामुळे आधीच्या मालकाची बिलं हातात नसतील तर पहिलं ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. जुना फिल्टर फेकू नका, कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडा आणि उजेडात धरा. चमकणारे कण दिसले तर ट्रॅकचं बुकिंग पुढे ढकला आणि आधी चेंबर उतरवून बेअरिंग बघून घ्या.