तुमचे प्रश्न: जुन्या बिलियर्ड टेबलाच्या रेलला कोणतं पॉलिश?

प्रश्न : बंद पडलेल्या एका क्लबातून घेतलेलं बारा फुटी इंग्लिश बिलियर्ड टेबल आमच्याकडे आहे. रेल (कडेच्या लाकडी पट्ट्या) महोगनीच्या आहेत. पॉलिश काळवंडलंय, हात टेकतो तिथे चिकट लागतं, गरम कपाचे दोन पांढरे गोलही उमटलेत. सुतार म्हणतो, सगळं घासून काढू आणि मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असा कडक लेप मारू. टेबलावर रोज खेळ होतो. काय करावं? (पुणे)

उत्तर : सुताराला आधी थांबवा. मूळ पॉलिश कशाचं आहे ते कळल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. टेबलाच्या खिशाजवळच्या पितळी पट्टीखाली मूळ पॉलिश झाकलेलं राहिलेलं असतं. तिथे कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ती लाख (शेलॅक, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेलं पॉलिश). स्पिरिटने फारसं काही झालं नाही, पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने पॉलिश विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर तेलाचं व्हार्निश किंवा नंतर कुणी मारलेलं पीयू. या वयाच्या इंग्लिश टेबलांवर बहुधा लाखच निघते, आणि तुमचं नशीब चांगलं असेल तर तुमच्याकडेही तीच असेल. नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते, त्यामुळे सगळं खरवडावं लागत नाही. घासलं तर महोगनीला वर्षानुवर्षं चढलेला तांबूस रंग एका दुपारीत जातो आणि गोलाईच्या कडा बोथट होतात.

मेलामाइन नको, कारण त्याचा थर लाकडावर वेगळा बसतो. रेलला क्यूचा दांडा सतत लागतो. कडेला टवका उडाला की तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, पूर्ण रेलचं पॉलिश पुन्हा काढावं लागतं. शिवाय जुन्या लाखेत मेण असतं, त्यावर मेलामाइन नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे निघतात. दोन भाग मिसळून लावायच्या जाड पीयूचीही हीच अडचण.

कामासाठी रेल टेबलावरून सोडवताना कोणती कुठली, हे खालच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. एकीची भोकं दुसरीला जुळतीलच असं नाही. क्यूला लावायच्या खडूची निळी पूड आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढून घ्या. ओलं फडकं आधी फिरवलं, तर ती पूड लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसते. मग मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने जुनं मेण आणि हाताचं तेलकट काढा. चिकट जागेतली लाख अंगाच्या तेलामुळे मऊ पडलेली असते, ती पुन्हा कडक होत नाही. तेवढीच स्पिरिटने आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने काढून टाका. कपाचे गोल सहसा फक्त पॉलिशमध्येच असतात. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेली पोटली (सुती कापडात बांधलेला कापूस) त्यांवरून झटकन फिरवा. तिथेच थांबलात तर पॉलिश ओढलं जाईल.

आता लाख. मेण काढलेला चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) १०० ग्रॅम आणि स्पिरिट ५०० मिली काचेच्या बरणीत घाला, चोवीस तास अधूनमधून हलवत राहा आणि मलमलीतून गाळा. दुकानातलं तयार फ्रेंच पॉलिश यासाठी घेऊ नका. ते कधी केलेलं आहे आणि त्यात मेण किती, हे कळत नाही. जुनं द्रावण वाळतच नाही. शंका असेल तर काचेवर थेंब टाका, रात्रभरात कडक झाला नाही तर ओतून द्या. तशीच पोटली करून पातळ हात मारा, प्रत्येक हातामध्ये दोन तास जाऊ द्या. तीन ते चार हात पुरतात. रंगात फरक राहिला तर लाखेतच स्पिरिटमध्ये विरघळणारा तपकिरी-तांबूस रंग चिमूटभर घाला, मात्र आधी रेलच्या खालच्या बाजूला करून पाहा.

रोजच्या खेळासाठी मात्र फक्त लाख पुरेशी नाही. मद्य सांडलं की ती विरघळते, आणि हल्ली हाताला लावतात त्या सॅनिटायझरनेही रेलवर बोटांचे ठसे उमटतात. म्हणून रेलच्या फक्त वरच्या बाजूला तेलाधारित, एकाच डब्यातलं पारदर्शक व्हार्निश लावा. व्हार्निश आणि मिनरल टर्पेंटाइन सारखंच घेऊन कापडाने चार-पाच हात पुसून काढा. दोन हातांमध्ये चोवीस तासांचं अंतर ठेवा, मधे ४०० नंबरचा पेपर हलकेच फिरवा. लाख मेणविरहित घ्यायला सांगितली ती याचसाठी. खालची चौकट आणि पाय लाखेचेच राहू द्या.

रबर चिकटवायची बाजू आणि कापड अडकवायची खाच, या दोन जागी पॉलिशचा थेंबही जाता कामा नये. खाच भरली तर कापड दाबणारी पट्टी बसत नाही आणि बाहेर येत राहते. थिनरही रबरापासून लांब ठेवा, त्याने रबर फुगतं.

पावसाळ्यात हे काम काढू नका. स्पिरिट उडताना गारवा येतो, हवेतली ओल थरात शिरते आणि पॉलिश पांढुरकं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. शेवटच्या हातानंतर किमान दोन आठवडे रेल बसवू नका आणि त्यांवर आच्छादन टाकू नका, कापडाची वीण व्हार्निशमध्ये उमटते.

प्रश्न : आमच्या जुन्या अमेरिकन पूल टेबलाच्या रेलवर रोझवूडचा पातळ पत्रा (व्हिनिअर) आणि पांढऱ्या खुणा जडवलेल्या आहेत. वेगळी काळजी काय? (न्यू जर्सी)

उत्तर : सँडिंग मशीन अजिबात नको, पत्रा आरपार जायला दोन फेऱ्या पुरतात. जुना पत्रा सरसाने (ओल आणि उष्णतेने सुटणाऱ्या डिंकाने) चिकटवलेला असतो, त्यामुळे ओलं फडकं आणि हीट गनही वर्ज्य. पांढऱ्या खुणा शिंपल्याच्या वा हस्तिदंताच्या असू शकतात. रंग लावण्याआधी त्यांवर बारीक ब्रशने लाखेचा एक हात द्या, म्हणजे रंग त्यांत मुरणार नाही. ब्लीचने पांढऱ्या करायला जाऊ नका. पिवळटपणा त्यांच्या वयाचा आहे, तो तसाच राहू द्या.

प्रश्न : व्हार्निश लावताना मधेच माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. का? (कोल्हापूर)

उत्तर : पूर्वी कुणीतरी सिलिकॉनचा फर्निचर स्प्रे मारलेला असणार. तो थर टर्पेंटाइनने पुसा, वर मेणविरहित लाखेचे दोन हात द्या आणि मग व्हार्निश लावा. लाख सिलिकॉनला खालीच अडवते.