अफिलिएट लिंक आणि अमेरिकेतला सेल्स टॅक्स: भरतं कोण, अडकतं कोण?

तुम्ही न्यू यॉर्कमध्ये राहता, वेबसाइटवर स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या अफिलिएट लिंक देता, म्हणजे त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकान तुम्हाला कमिशन देतं. सेल्स टॅक्स (विक्रीवरचा राज्याचा कर) तुम्हाला भरावा लागतो का आणि काही दुकानं अफिलिएट होण्याच्या अर्जात तुमचं राज्य का विचारतात, असा तुमचा प्रश्न आहे.

भरावा लागत नाही. गिऱ्हाइकाकडून कर घेऊन राज्याला भरणं हे विकणाऱ्याचं काम. तुमचं कमिशन सहसा कराआधीच्या किमतीवर निघतं. न्यू यॉर्क शहरात १०० डॉलरच्या कुकरला ८.८७५ टक्के करासह गिऱ्हाईक १०८.८८ डॉलर मोजतं. कमिशनचा दर ४ टक्के असेल तर तुम्हाला ४ डॉलरच मिळतात.

राज्य विचारण्यामागे मात्र जुनं दुखणं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२च्या क्विल निकालामुळे, ज्या राज्यात दुकानाचं गोदाम, कार्यालय किंवा माणूस नाही, ते राज्य त्याला कर गोळा करायला लावू शकत नव्हतं. २००८ मध्ये न्यू यॉर्कने यावर तोड काढली: राज्यातल्या रहिवाशांच्या लिंकवरून मागच्या चार तिमाहींत १०,००० डॉलरपेक्षा जास्त विक्री झाली, की ते अफिलिएट (लिंक देणारे) दुकानाचीच माणसं धरायची आणि दुकानाला कर गोळा करायला लावायचं. ओव्हरस्टॉक या ऑनलाइन दुकानाने लगेच तिथल्या अफिलिएटना काढून टाकलं. असेच कायदे पुढे आले तेव्हा ॲमेझॉनने २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड, २०११ मध्ये इलिनॉय आणि कॅलिफोर्नियातल्या अफिलिएटचे करार संपवले. कर अफिलिएटवर नव्हताच, पण उत्पन्न बुडालं ते त्यांचं. हा सरळ अन्याय होता.

सर्वोच्च न्यायालयाच्याच जून २०१८ च्या वेफेअर निकालाने प्रत्यक्ष अस्तित्वाची अट गेली. आता राज्यातली विक्री ठरावीक रकमेपुढे गेली की दुकानाने कर घ्यायचाच. बऱ्याच राज्यांत ही मर्यादा १ लाख डॉलर आहे. मोठी दुकानं सगळीकडे कर घेतातच, त्यामुळे तुम्हाला काढून त्यांचा काही फायदा नाही.

छोट्या दुकानांचं तसं नाही. न्यू यॉर्कची मर्यादा मोठी आहे: ५ लाख डॉलर आणि शंभरावर विक्रीव्यवहार. त्याखालचं दुकान १०,००० च्या जुन्या नियमात अजून सापडू शकतं. सुटायचं तर करारात ‘राज्यात गिऱ्हाइकं गोळा करणार नाही’ असं कलम हवं आणि दर वर्षी अफिलिएटकडून तशी सही हवी. तो कागद आला तर नीट वाचा. वेबसाइटवर नुसती लिंक ठेवलेली चालते. पण न्यू यॉर्कमधल्या ओळखीच्यांना दुकानाची शिफारस करणारे ईमेल, वार्तापत्रं, कूपनं, पत्रकं, फोन हे सगळं ‘गिऱ्हाइकं गोळा करणं’ ठरतं. बहुतेकांची चूक वार्तापत्रात होते. ते पाठवत असाल तर सही करू नका, दुकानाला आधी कळवा.

स्वतःचं पुस्तक किंवा मसाले विकायला लागलात तर विक्रेते तुम्ही, मग राज्याकडे नोंदणीही तुमचीच. कमिशनवर आयकर वेगळा आहेच. शिवाय खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त उरले की स्वयंरोजगार कर लागतो, दर १५.३ टक्के. पगारातून कापलेला कर आणि सवलती वजा जाता वर्षाचा १,००० डॉलर किंवा जास्त कर भरायचा उरेल असं दिसलं तर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीत १५ तारखेच्या आत हप्ते भरा.