रात्री तोंड उघडं, सकाळी घसा कोरडा

प्रश्न : डॉक्टर, मुलगा सात वर्षांचा आहे, रात्री आ वासून झोपतो, घोरतो पण. सकाळी उशी लाळेने ओली आणि उठल्या उठल्या पाणी मागतो. सासूबाई म्हणतात सवय आहे, मोठा झाला की जाईल. एका रीलमध्ये बघितलं की ओठांवर टेप लावून झोपलं की नाकाने श्वास घ्यायची सवय लागते. लावू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तो टेप आधी कचऱ्यात टाका. पोरगं तोंडाने श्वास घेतंय कारण बहुतेक नाकाची वाट अडलीये, आणि उरलेली वाट तुम्ही बंद करायला निघालात! या वयात पहिला संशय अॅडेनॉइडवर, म्हणजे नाकाच्या मागे टाळूच्या वर असते ती गाठ, टॉन्सिलचीच बहीण. नाहीतर धुळीची अॅलर्जी. घरी एक बघा, थंड स्टीलची ताटली नाकाखाली धरा आणि त्याला तोंड मिटून श्वास सोडायला सांगा, वाफेचे दोन ठिपके उमटतात. एक ठिपका लहान असला तर घाबरू नका, नाकपुड्या काही काही तासांनी आळीपाळीने जड होतातच, पण दोन्ही नेहमीच पुसट असतील तर ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. आणि ठिपके छान उमटले तरी रोजच्या घोरण्यासाठी एकदा दाखवाच.

नाकाचा आग्रह कशाला, तर तिथे हवा गरम होते, ओली होते, धूळ शेंबडात अडकते (शेंबडाला उगाच नावं ठेवतो आपण). शिवाय नाकाशेजारच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडांतल्या पोकळ्यांमध्ये, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, तो श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो, तोंडाने घेतलेल्या श्वासात हा फायदा जवळपास नाहीच. गुणगुणताना नाकातून हा वायू साध्या श्वासाच्या पंधरापट बाहेर पडतो असं स्वीडनमध्ये 2002 साली मोजलंय, म्हणजे भ्रामरीवाले (गुणगुणायचा प्राणायाम करणारे) खूश, पण म्हणून भ्रामरीने अॅडेनॉइड बसत नाही हां.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे, वय वाढलं की ही गाठ आपोआप आक्रसते. पण तोवर वर्षानुवर्षं तोंड उघडं राहिलं तर दात किडतात, टाळू अरुंद होऊन दात वेडेवाकडे येऊ शकतात, झोप नीट न झाल्याने पोरगं दिवसभर किरकिरतं. झोपेत श्वास मधेच थांबून दचकत असेल तर अजिबात वाट बघू नका.

ऑपरेशनच लागेल असं नाही, बऱ्याच मुलांचं डॉक्टरांनी दिलेल्या स्प्रेवर भागतं. फक्त मेडिकलमधून नाक मोकळं करायचे ड्रॉप्स स्वतःच आणून आठवडेच्या आठवडे घालू नका, त्याने नाक उलट जास्त चोंदतं. मिठाच्या पाण्याचे ड्रॉप्स चालतील. आणि जायच्या आदल्या रात्री मोबाईलवर त्याच्या घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, डॉक्टरसमोर पोरं कधीच घोरत नाहीत.