रविवारी चेकबुक घरी ठेव

अगं,

तू घेऊ म्हणतेस त्या नव्या फ्लॅटच्या कॉस्ट शीटचा, म्हणजे बिल्डरच्या खर्चाच्या कागदाचा, फोटो काल रात्री बघितला, दोनदा झूम करून, कारण खालच्या फुलीवाल्या ओळी मुंगीएवढ्या अक्षरात आहेत, आणि मग झोपच उडाली. ठाण्याचा घोडबंदर रोड, टू बीएचके, १ कोटी २० लाख, आणि "रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्या, सोमवारपासून रेट वाढतोय". हा सोमवार मी वीस वर्षं ऐकतोय.

आधी एक कर, १ कोटी २० हा आकडा डोक्यातून काढ. बांधकाम चालू आहे म्हणजे ५ टक्के जीएसटी, झाले ६ लाख. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ८ लाख ४० हजार (खरेदी फक्त तुझ्या एकटीच्या नावावर केली तर बाईमाणूस म्हणून १ टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव जॉइंटमध्ये आलं की गेली, घरी बसून बोला यावर). रजिस्ट्रेशनचे ३० हजार. आपण आलो १ कोटी ३४ लाख ७० हजारांवर, आणि यात सोसायटीचा दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स नाही, पार्किंग नाही, पडदे-पंखे-किचन तर लांबच. लोन बँक फार तर ९० लाख देणार, कारण ७५ लाखांच्या वरच्या लोनला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरतच नाहीत. म्हणजे जवळपास ४५ लाख खिशातून. तुम्हा दोघांचे मिळून किती साठलेत ते तू मला सांगितलंयस, उरलेले बाबांच्या पीएफमधून येणार हेही मला कळतं, फक्त ते तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस.

बाबा म्हणतात भाडं म्हणजे पैसे पाण्यात. माझे वडीलही हेच म्हणायचे. पण हिशोब बघ ना, साडेआठ टक्क्यांनी ९० लाख, वीस वर्षं, हप्ता साधारण ७८ हजार, आणि पहिल्या हप्त्यातले जवळजवळ ६४ हजार नुसतं व्याज. तसल्याच फ्लॅटचं भाडं तू स्वतःच ३३ हजार काढून आणलंयस. मग पाण्यात कोणाचे जास्त जातायत?

भाव पडतील मग घेऊ असंही मी म्हणत नाहीये, त्या नादात माझे दोन मित्र पन्नाशीला आले. ठाण्याला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर, मधे जी पट्टी आहे ती आहे, आणि नोकऱ्या सगळ्या बीकेसी, पवई, ऐरोलीला. त्यामुळे तिथे तू खोल्या विकत घेत नाहीस, स्टेशनपासूनची मिनिटं विकत घेतेस. आणि बिल्डर मंदीतही बोर्डावरचा रेट उतरवत नाही, मॉड्युलर किचन देतो, एसी देतो. ते घ्यायचं नाही! अॅग्रीमेंटची रक्कमच कमी कर म्हणायचं, म्हणजे जीएसटी आपोआप उतरतो, आणि स्टॅम्प ड्युटीही, फक्त ती सरकारने ठरवलेल्या किमतीच्या खाली जात नाही.

आता मिनिटांचं. रविवारी सकाळी त्यांची गाडी तुला स्टेशनवरून न्यायला येईल, एसी चालू, रस्ता रिकामा, पोरगा गोड बोलणारा. तू एकदा जुलैतल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावर, बसच्या लाइनीत उभी राहा आणि कापूरबावडी, मानपाडा करत कासारवडवलीला जाऊन दाखव, मग ठरव. मेट्रोचं म्हणशील तर तिच्या नावाचे पैसे लोक ती येण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रेटमध्ये भरत आलेत.

आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये जाताना मेजरिंग टेप ने, हसतील, हसू दे. तिथला पलंग बहुतेक वेळा नेहमीपेक्षा आखूड बनवून घेतलेला असतो, कपाट एवढं उथळ की हँगर आडवा मावत नाही, आणि आतल्या खोल्यांना दारंच नसतात. दार नसलं की खोली केवढी मोठी वाटते! कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, तेवढा विचार, तो सोडून कुठलाही एरिया सांगितला तर ऐकूच नको, आणि रेरा (बिल्डरांवरचा कायदा) कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरतात हे लक्षात असू दे.

मग डोंबिवलीच्याही पुढे स्वस्तात घेऊ का, असं तू विचारलंयस. मी २००४ मध्ये तेच केलं. पझेशन दीड वर्ष लांबलं, तेवढा काळ भाडं आणि व्याज दोन्ही भरलं, बायकोच्या बांगड्या गेल्या त्या अजून आल्या नाहीत, आणि वर रोज सकाळी डब्याची पिशवी छातीशी धरून दोन लोकल सोडायच्या आणि तिसरीत घुसायचं. तरी माझ्या बिल्डिंगचे कागद निदान खरे होते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना खोट्या परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवलेले निघाले आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, आत राहणाऱ्यांचे हप्ते चालू असताना. म्हणून नुसता रेरा नंबर बघून खूश होऊ नको, पालिकेची परवानगी वकिलाकडून तपासून घे, दहा-पंधरा हजार जातील, जाऊ दे.

माझं ऐकशील तर अकरा महिन्यांच्या करारावर त्याच घोडबंदरला भाड्याने राहा. एक पावसाळा काढ, पाण्याचा टँकर किती वेळा येतो ते गेटवरच्या वॉचमनला विचार. हप्ता आणि भाडं यातला जो ४५ हजारांचा फरक आहे तो दर महिन्याला खरंच बाजूला टाकून बघ. टाकता आला तर हप्ता झेपेल. नाही आला तर बुकिंग न केल्याबद्दल पार्टी दे मला. आणि मधल्या काळात नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांमधले रिसेलही बघून ठेव, लिफ्ट नसेल कदाचित, पण ओसी, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा पालिकेचा दाखला, हातात असली की जीएसटी लागत नाही आणि स्टेशन चालत.

टोकन देऊनच टाकलं असशील तर रागवणार नाही, पण पावती जपून ठेव आणि रजिस्टर्ड अॅग्रीमेंट होईपर्यंत १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नको, कायद्याने त्यांना घेताच येत नाही.

रविवारी मीही येतो. सव्वादहाला ठाणे वेस्ट, त्यांच्या गाडीने नाही, बसने जाऊ. टेप माझ्याकडे आहे.