बोंडूच्या व्हिनेगरसाठी जिवाणूंचा थर: कॉलम का तुंबतो

प्रश्न वेंगुर्ल्याहून आहे: आंबवलेल्या बोंडूच्या (काजूफळाच्या) रसाचं व्हिनेगर करायला ४ इंची, २ फुटी कॉलम (उभी नळी) काथ्याने भरला, वर मदरची साय (व्हिनेगरवर तरंगणारा जिवाणूंचा जाड पडदा) टाकली. दोन आठवड्यांत सगळं बुळबुळीत होऊन प्रवाह थांबला, आम्लता दीड टक्क्यावर अडकली.

जाड थर म्हणजे जास्त काम, असं नसतं. अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल व्हायला ऑक्सिजन लागतो आणि तो थरात मिलिमीटरच्या अंशाएवढाच शिरतो. त्याखालचं सगळं नुसतं वाट अडवतं. तुमचा बुळबुळीतपणा बहुधा सेल्युलोजचा आहे. कोमागाटाइबॅक्टर गटातले काही जिवाणू उरलेल्या साखरेपासून तो विणतात, आणि मदरची साय म्हणजे नेमके तेच. साय बाजूला सारून जिवंत, न तापवलेल्या व्हिनेगरचं खालचं नितळ पाणी विरजण म्हणून घ्या.

रस आधी पेजेने नितळून टॅनिन (तुरट द्रव्य) काढा, मग पूर्ण आंबवा: हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारं तरंगतं साधन) १.००० च्या आसपास सलग दोन दिवस स्थिर हवा. यीस्ट खाली बसू द्या. टिकवायला मेटाबायसल्फाइट घातलेला रस वापरू नका, थर धरतच नाही. (मद्यार्काच्या टप्प्यासाठी उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आधीच घ्या.)

काथ्या काढून टाका. त्यातून टॅनिन उतरत राहतं आणि तो भिजून दबतो. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीचे २-३ सेंमीचे तुकडे दोन पाण्यांत उकळा, रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा आणि सैल भरा. १ भाग विरजण, २ भाग आंबवलेला रस. मिश्रणात आम्ल १.५ ते २ टक्के आणि अल्कोहोल ३-४ टक्के असावं. आम्ल याहून कमी असेल तर बुरशी आधी येते. पहिले २४ तास कॉलम भरून हवा सोडा, मग रिकामा करून तेच मिश्रण वरून मिनिटाला ५० ते १०० मिली फिरवत ठेवा. पातळ, धुरकट थर दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

हवेचं गणित: १ ग्रॅम अल्कोहोलला ०.७ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे सुमारे अडीच लिटर हवा. ५ लिटर रसाला मिनिटाला अर्धा लिटर पुष्कळ झाला. जास्त सोडलीत तर अल्कोहोलच उडून जाईल. ही क्रिया उष्णता देते, म्हणून एप्रिल-मेमध्ये खोलीचं नव्हे, कॉलमच्या मध्यभागाचं तापमान मोजा. २८ ते ३० अंश उत्तम, ३५ च्या वर जिवाणू मंदावतात.

रोज १ मिली नमुन्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (रंगसूचकाचे) थेंब टाका आणि फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घाला: लागलेले मिली गुणिले ०.६ म्हणजे टक्के आम्ल. रसाचं स्वतःचं आम्ल आधी मोजून वजा करा. अल्कोहोल अर्ध्या टक्क्यावर आलं की एक तृतीयांश काढून तेवढाच नवा आंबवलेला रस घाला. ते शून्यावर गेलं तर जिवाणू तयार आम्लच जाळायला लागतात आणि आम्लता उलटी उतरते. विक्रीसाठी किमान ३.७५ टक्के लागतं.

पितळ किंवा साधं लोखंड कुठेही नको; काच, पॉलिप्रोपिलीन, सिलिकॉनची नळी चालते. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा कॉलमच्या तळाशी आणि माथ्याशी भोकं असतील तर गरम हवा आपोआप वर चढते आणि थर श्वास घेत राहतो. भोकांवर दुपदरी मलमल बांधा, नाहीतर चिलटं आत अंडी घालतात.