आजीची किल्लारी मंचावर आणण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. 'आघात आणि प्रयोग' हा ऐच्छिक सेमिनार तू निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. सत्राच्या अखेरीस करायच्या वीस मिनिटांच्या प्रयोगासाठी विषय आधीच ठरला आहे, किल्लारीच्या भूकंपात आजीने जे सोसले ते एकपात्री स्वरूपात करायचे आहे, असे तू शेवटच्या ओळीत लिहिले आहेस. वर्गात काय अपेक्षित असते, हा तुझा प्रश्न आणि हा विषय या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत, म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देते.

विद्यापीठाला 75 टक्के हजेरी पुरते, पण या वर्गात ती पुरत नाही. आपण गोलाकार बसतो आणि पहिली पंधरा मिनिटे कोणीतरी एखादी साक्ष मोठ्याने वाचत असते. अशा वेळी दार उघडून कोणी आत आले की वाचणाऱ्याचा आवाज तुटतो आणि तो पुन्हा सहजासहजी लागत नाही. त्यामुळे उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबायचे. वाचनावरचे दोन पानी टिपण आदल्या संध्याकाळी द्यायचे असते. न वाचता चर्चेत उतरणे हा इतर विषयांत आळस ठरेल, पण इथे तुम्ही ज्यांचे काही वाचलेले नाही अशा माणसांच्या दुःखावर ऐकीव मत देत असता.

'आघात' म्हणजे 'ट्रॉमा', हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ जखम. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल आणि त्यांनी केलेला पाठपुरावा यांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आघातोत्तर ताणाच्या विकाराला आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले. हा इतिहास लक्षात ठेवलास तर प्रत्येक दुःखावर ती चिठ्ठी चिकटवण्याचा मोह होणार नाही. आपल्याकडे माणसे धसका घेतात, हाय खातात. आजी त्या पहाटेविषयी बोलताना कोणता शब्द वापरते, हे कधी नीट ऐकले आहेस का?

पहिले काही आठवडे आपण दक्षिण आफ्रिकेत असू. वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांच्या साक्षी ऐकणाऱ्या तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या जाहीर सुनावण्या एप्रिल 1996 मध्ये सुरू झाल्या. साक्षीदार आपापल्या भाषेत बोलत आणि दुभाषे ते लगोलग दुसऱ्या भाषेत सांगत, तेही प्रथमपुरुषी. 'त्यांनी माझ्या मुलाला नेले' हे वाक्य ज्याच्या मुलाला कोणी नेले नव्हते त्याने 'माझ्या' म्हणून उच्चारायचे, दिवसभर, महिनोन्महिने. त्याचा त्या दुभाष्यांवर खोल परिणाम झाला. नटाचे काम याहून फार वेगळे आहे का, हा माझा या सेमिनारमधला पहिला प्रश्न असतो. पुढच्याच वर्षी, 1997 मध्ये, लेखिका जेन टेलर, दिग्दर्शक विल्यम केंट्रिज आणि बाहुलीनाट्य करणारी हँडस्प्रिंग पपेट कंपनी यांनी 'उबू अँड द ट्रुथ कमिशन' हे नाटक केले. त्यात अत्याचार करणारा उबू आणि त्याची बायको यांच्या भूमिका नट करतात, साक्षीदार मात्र लाकडी बाहुल्या आहेत. बाहुली हाताळणारे कलावंत प्रेक्षकांना स्पष्ट दिसतात, त्यांची नजर बाहुलीवर खिळलेली असते. 'ही बाई मी आहे' असा दावा तिथे कोणीच करत नाही. आम्ही तिला फक्त आधार देऊन उभे केले आहे, एवढेच ते दोन हात सांगतात. मला हा निर्णय अतिशय सभ्य वाटतो, आणि नाट्यदृष्ट्याही तो विलक्षण परिणामकारक आहे.

त्यानंतर मणिपूर. तिथले दिग्दर्शक हैस्नाम कन्हैयालाल यांनी महाश्वेतादेवींच्या कथेवरून 'द्रौपदी' हे नाटक 2000 मध्ये केले. सामूहिक अत्याचारानंतर कपडे घालायला नकार देऊन अधिकाऱ्यासमोर उभी राहणारी स्त्री पन्नाशी ओलांडलेल्या अभिनेत्री सावित्री हैस्नाम यांनी साकारली, आणि मंचावर त्या खरोखर विवस्त्र झाल्या. इंफाळमध्ये त्यावर कडाडून टीका झाली. चार वर्षांनी, जुलै 2004 मध्ये, थांगजाम मनोरमा या मणिपुरी तरुणीला आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या जवानांनी रात्री घरातून नेले आणि नंतर तिचा मृतदेह सापडला. 15 जुलैला बारा स्त्रियांनी इंफाळमधल्या, तेव्हा आसाम रायफल्सचे ठाणे असलेल्या कांगला किल्ल्याच्या दरवाजासमोर विवस्त्र होऊन निषेध केला. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी निबंधात लिहितो की नाटकाने या स्त्रियांना वाट दाखवली. तू तसे लिहू नकोस. त्या स्त्रियांनी आपल्या रागाने आणि आपल्या निर्णयाने ते केले. त्याचे श्रेय नाटकाकडे ओढणे म्हणजे त्यांचे कृत्य त्यांच्या हातून काढून घेणे. दोन घटना शेजारी ठेवून पाहा, आणि शरीर मंचावर असताना व रस्त्यावर असताना त्याला काय धोका असतो, यातला फरक लिही. मणिपूरच्याच महिन्यात आपल्याकडे अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सच्या मातांविषयीही वाचन असेल: 30 एप्रिल 1977 रोजी त्या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या आपल्या मुलांसाठी चौकात जमल्या, आणि घोळका करून थांबू नका असे पोलिसांनी बजावल्यावर चालू लागल्या.

आता वर्तनाविषयी. वर्गात कोणी स्वतःचे काही सांगितले तर ते वर्गाबाहेर न्यायचे नाही, भ्रमणध्वनीवर काही टिपायचे नाही, आणि कोणालाही 'तुझा अनुभव सांग' म्हणायचे नाही. हा शेवटचा नियम माझ्या चुकीतून आला आहे. पहिल्या वर्षी मीच सर्वांना आपल्या आयुष्यातला एक घाव सांगण्याचा स्वाध्याय दिला होता. एका मुलीने फार धीर करून सांगितले. संध्याकाळी ती मेसमध्ये ताट घेऊन बसली तेव्हा आसपासची बोलणी थांबली. तिने ताट तसेच ठेवले, आणि पुढच्या आठवड्यापासून ती वर्गाला आली नाही. तिने मन मोकळे केले म्हणून मी त्या दिवशी समाधानाने घरी गेले होते, हे मला आजही बोचते.

म्हणून आता दाराजवळची एक खुर्ची नेहमी रिकामी असते. कोणीही तिथे जाऊन बसावे किंवा बाहेर जावे, कारण विचारले जात नाही, हजेरीही कापली जात नाही. मी शिक्षिका आहे, समुपदेशक नव्हे. गरज वाटल्यास मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी 'टेलीमानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते: मी सर्वच बाबतींत गुप्ततेचे वचन देऊ शकत नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्यानुसार ती कळवणे मला बंधनकारक आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, हे नाटकाची संहिता लिहिताना ध्यानात असू दे. तालमीनंतर प्रत्येकाने तोंड धुऊन, गोलात उभे राहून स्वतःचे नाव मोठ्याने घ्यायचे असते. नव्या मुलांना सुरुवातीला संकोच वाटतो, पण त्यात सूट नाही.

मूल्यमापन लेखन, तालमीची वही आणि प्रयोग यांचे होते. दुःख किती मोठे होते याला गुण नसतात, रडू आणणाऱ्या प्रयोगालाही नसतात.

आता आजी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या रात्री विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपलेली. जाड दगडी भिंती आणि मातीच्या माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळलेला. एवढे कोणालाही ठाऊक असते. तुला जे आजीकडून मिळाले आहे ते तिने नातीला सांगितले होते, प्रेक्षकांना नव्हे. तेव्हा दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे जा, वही न उघडता बस, आणि विचार: हे मी लोकांसमोर करू का, यातले काय वगळू, तू पाहायला येशील का? ती 'कर बाई तुला काय करायचं ते' म्हणाली तर तो होकार समजू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. तिने नकार दिला तर प्रयोगासाठी दुसरा विषय आपण दोघी मिळून शोधू, त्यासाठी डिसेंबरचा पहिला आठवडा मी मोकळा ठेवला आहे.

पहिल्या तासाला आयोगापुढच्या एका साक्षीची प्रत वाचून ये. दहा पाने आहेत, पण एका बैठकीत संपवू नकोस.

तुझी,
मॅडम